'मोरया'त सूर मिसळला, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांना तुम्ही विसर्जन मिरवणुकीचे फोटो पाठवलेत आणि खाली लिहिलंत, 'आय ऑल्सो गेव्ह स्लोगन्स विथ द पब्लिक.' त्यावर एकीने काळजीने विचारलं, की मोर्चा कशासाठी होता? मग तुमच्या बहिणीने 'चाइम इन' सुचवलं, ऑफिसात कुणी 'चँट अलाँग' म्हणालं, आणि आता यातलं बरोबर काय, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर देते. 'जॉइन इन' वापरा. 'द क्राउड वॉज चँटिंग अँड आय जॉइन्ड इन.' गर्दी घोषणा देत होती आणि मीही त्यात सामील झालो, हे सांगायला इंग्रजी माणूस बहुतेक वेळा हेच म्हणतो. यापेक्षा भारी शब्द शोधायची गरज नाही. बहिणीचं 'चाइम इन' इथे चालणार नाही. 'चँट अलाँग' चालेल, पण त्याची एक खास जागा आहे, तिच्याकडे पुढे येते.

मी मराठी माहितीपटांना इंग्रजी सबटायटल्स लिहिते. गणेशोत्सव, वारी, शिवजयंती, कॉलेजच्या एकांकिका, क्रिकेट, यातलं काहीही असलं तरी पडद्यावर गर्दी येते आणि गर्दी ओरडते. सबटायटलला साधारण दोन ओळी मिळतात, एका ओळीत जेमतेम ४२ अक्षरं. तेवढ्यात कोण ओरडतंय, कुणाच्या मागे ओरडतंय आणि काय भावनेने ओरडतंय हे बसवायचं असतं. त्यामुळे या एका क्रियेसाठी इंग्रजीत किती वाटा आहेत आणि कुठली कुठे जाते, याचा विचार मला सतत करावा लागतो.

मराठीत हे काम नामं करतात. घोषणा, जयघोष, जयजयकार, गजर, नामघोष, ललकारी, आरोळी, नारा. नुसतं नाम ऐकलं की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. 'गजर' म्हटलं की टाळ-मृदंग ऐकू येतात, 'ललकारी' म्हटलं की तालीम किंवा गड, 'नारा' म्हटलं की मोर्चा. क्रियापदं मात्र साधी: देणे, करणे, ठोकणे. इंग्रजीत याच्या बरोबर उलट. तिथे 'चँट' या एकाच शब्दात देवळातला जप येतो, स्टेडियममधला गलका येतो आणि मोर्चातली घोषणाही येते. हा शब्द फक्त एवढंच सांगतो, की काही शब्द तालात, पुन्हा पुन्हा म्हटले जातायत. तुम्ही त्यात कसे शिरलात, पुढे होतात की मागे, उत्तर देत होतात की तेच शब्द म्हणत होतात, हे सगळं क्रियापदाने सांगायचं असतं. म्हणून मराठी वाक्यातलं 'घोषणा दिल्या' शब्दाला शब्द लावून नेलं की नाम चुकतं आणि क्रियापद तर काहीच सांगत नाही.

'स्लोगन'चं बघा. हा शब्द मुळात स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला. त्याचा अर्थ सैन्याची आरोळी, म्हणजे आपल्या 'हर हर महादेव'च्या अगदी जवळचा. पण आज इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला 'स्लोगन' म्हटल्यावर जाहिरातीतली ओळ आठवते, नाहीतर निवडणुकीतलं घोषवाक्य. गर्दीने दिलेल्या 'स्लोगन्स' म्हटल्या की त्याच्या डोळ्यांपुढे फलक आणि पोलीस येतात. तुमच्या सहकारी बाईंनी मोर्चाचं विचारलं, ते त्यामुळेच. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'रेज्ड स्लोगन्स' रोज छापून येतं आणि भारतीय वाचकाला त्यात काही खटकत नाही. पुण्यातल्या वाचकासाठी पुण्यातल्या आंदोलनाची बातमी लिहीत असाल तर खुशाल वापरा. बाहेरच्या वाचकासाठी आंदोलनाबद्दल लिहिताना 'चँटेड स्लोगन्स' किंवा 'शाउटेड स्लोगन्स' म्हणा. गणपतीसाठी मात्र 'स्लोगन' नकोच. 'गणपती बाप्पा मोरया' ही मागणी नव्हे आणि जाहिरातही नव्हे.

'गिव्ह' हे क्रियापद 'देणे'वरून आलंय. इंग्रजीत 'गेव्ह अ शाउट' चालतं, 'गेव्ह थ्री चिअर्स' चालतं. 'गेव्ह स्लोगन्स' चालत नाही. यामागे काही मोठा नियम नाही, कुठल्या नामाबरोबर कुठलं क्रियापद नांदतं ते वाचून वाचून अंगवळणी पडतं, इतकंच.

'पब्लिक' हा आपला लाडका शब्द. 'पब्लिक पेटली', 'काय पब्लिक होती!' पुण्यात हे आपण दिवसभर बोलतो. इंग्रजीत 'द पब्लिक' म्हणजे सर्वसाधारण जनता, नागरिक. लक्ष्मी रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभी असते ती 'क्राउड'. तिला 'मॉब'ही म्हणू नका, 'मॉब' म्हटलं की हातात दगड आले. आणि मिरवणुकीला 'रॅली' लिहिलंत तर पुन्हा राजकारणच डोकावेल, ती 'प्रोसेशन'.

आता 'जॉइन इन'. ते एकटं उभं राहू शकतं: 'एव्हरीवन जॉइन्ड इन.' कशात सामील झालात हे सांगायचं असेल तर 'जॉइन्ड इन द चँटिंग' किंवा 'जॉइन्ड इन विथ द चँटिंग', दोन्ही बरोबर. माणसांचा उल्लेख करायचा असेल तर 'विथ' लागतंच: 'जॉइन्ड इन विथ द अदर्स'. अमेरिकेत बोलताना 'जॉइन्ड इन ऑन द चँटिंग' असंही ऐकू येईल, तेही चूक नाही. फक्त 'इन' गाळून 'आय जॉइन्ड द क्राउड' लिहिलंत तर अर्थ बदलतो. तुम्ही जाऊन गर्दीत उभे राहिलात, एवढाच. तोंड उघडलंत की नाही, ते त्या वाक्यात नाही. 'जॉइन्ड द चँट' म्हटलंत तर पुन्हा ठीक आहे, कारण आता तुम्ही माणसांत नाही, आवाजात सामील झालात. 'ऑल्सो'ही काढून टाका. मराठीत 'मीही' म्हणावं लागतं. 'जॉइन इन'मध्ये तो 'ही' आधीच बसलेला आहे.

'जॉइन इन' मला आवडतं ते आणखी एका कारणाने. त्यात क्रम आहे. काहीतरी आधीपासून चालू होतं आणि तुम्ही नंतर त्यात शिरलात. मिरवणुकीत होतं तेच. आपण बेलबाग चौकात कुठेतरी जागा पकडून उभे असतो, मानाचा गणपती वळून लक्ष्मी रस्त्याला लागतो, लांबून आवाज येतो, जवळ येतो, आणि एका क्षणी लक्षात येतं की आपणही ओरडतोय. हे 'लक्षात येणं' सांगायला इंग्रजीत फार सुरेख सोय आहे: 'आय फाउंड मायसेल्फ जॉइनिंग इन.' न ठरवता, नकळत. 'आय कुडन्ट हेल्प जॉइनिंग इन' म्हटलं तर राहवलं नाही म्हणून. आणि भानच हरपलं असेल तर 'आय गॉट स्वेप्ट अप इन द चँटिंग'. प्रवाहात ओढले गेलो, असा त्याचा भाव. तुमच्या ईमेलमध्ये मिरवणुकीचा जो आनंद आहे, तो मला यातल्या पहिल्या वाक्यात सगळ्यात नीट उतरलेला दिसतो.

'चँट अलाँग'ची जागा आता सांगते. 'अलाँग' म्हणजे सोबतीने, बरोबरीने. पुढे कुणीतरी म्हणतंय, सूत्र त्याच्याकडे आहे, आणि तुम्ही त्याच्याबरोबर तेच शब्द म्हणताय. कुणी व्यासपीठावरून अथर्वशीर्ष म्हणतंय आणि तुम्ही खाली बसून म्हणताय, तिथे 'चँटेड अलाँग' अगदी चपखल. दगडूशेठच्या मांडवासमोर ऋषिपंचमीला पहाटे बायका हजारोंनी जमतात आणि सामुदायिक अथर्वशीर्ष म्हणतात. त्यात एखादीला पूर्ण पाठ नसेल आणि ती बाकीच्यांबरोबर म्हणत गेली, तर ती 'चँटेड अलाँग विथ द अदर्स'. आरतीला मात्र चाल आहे, तेव्हा तिथे 'सिंग अलाँग' म्हणावं. 'चँट'मध्ये ताल असतो, चाल नसली तरी चालते. रस्त्यावरच्या 'मोरया'साठीही 'चँटेड अलाँग' चुकीचं नाही, पण त्याचा वेग जरा संथ वाटतो.

'चाइम इन'बद्दल तुमच्या बहिणीचं अगदीच काही चुकलं नाही. 'चाइम' म्हणजे घंटेचा नाद, आणि पूर्वी या शब्दाला सुरात सूर मिळवण्याचा अर्थ होताही. पण आता तो संभाषणाचा शब्द झालाय. चारजण बोलतायत आणि पाचव्याने मध्येच 'हो ना, मलाही तसंच वाटतं' असं म्हटलं, तर त्याने 'चाइम इन' केलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'फील फ्री टू चाइम इन' म्हणतात, ते याच अर्थाने. हजारो लोकांच्या आवाजात आवाज मिसळणं आणि गप्पांत एक वाक्य टाकणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ईमेलमध्ये 'आय चाइम्ड इन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, की सगळे ओरडत असताना तुम्ही काहीतरी मत मांडलंत.

पण याच शब्दाची हुकमी जागा मिरवणुकीतच आहे. मोठ्यांचं 'मंगलमूर्ती मोरया' संपतं, क्षणभर शांतता होते, आणि बाबांच्या खांद्यावर बसलेलं पाच वर्षांचं पोर एकट्याने ओरडतं, 'उंदीरमामा की जय!' हे 'चाइम इन' आहे. एकच आवाज, मागाहून आलेला, सगळ्यांच्या म्हणण्यात आपली भर घालणारा. पोर तोवर गप्प होतं आणि अचानक बोललं हे दाखवायचं असेल तर 'पाइप्ड अप' आणखी गोड. एका माहितीपटात नेमका हा प्रसंग होता. तिथे मुलाच्या ओळीला वेगळं सबटायटल दिलं, मोठ्यांच्या ओळीत मिसळलं नाही, आणि तो क्षण इंग्रजी प्रेक्षकालाही कळला.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या घोषणांचा सांगाडाच त्यात आहे. आपल्याकडे गर्दी सहसा तेच शब्द म्हणत नाही, ती उत्तर देते. एकजण 'गणपती बाप्पाऽऽ' म्हणतो, बाकीचे 'मोरया!' 'बोला पुंडलिक वरदेऽ' म्हटलं की 'हाऽरी विठ्ठल!' 'छत्रपती शिवाजी महाराज की' म्हटलं की 'जय!' वाक्य एकाने सुरू करायचं आणि सगळ्यांनी पुरं करायचं. 'मोरया'वाचून 'गणपती बाप्पा' लटकत राहतं, म्हणून तर अनोळखी माणसाने अर्धं म्हटलं तरी आपल्या तोंडून उरलेलं आपोआप बाहेर पडतं. इंग्रजीत या रचनेला 'कॉल अँड रिस्पॉन्स' म्हणतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आणि श्रमगीतांत ही पद्धत खोलवर रुजलेली आहे, त्यामुळे अमेरिकी वाचकाला तो शब्द लगेच कळतो. क्रिकेटवाल्यांना ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांचं 'ऑझी ऑझी ऑझी' आणि त्यावरचं 'ऑय ऑय ऑय' ठाऊक असेलच, रचना तीच.

इथे क्रियापद बदलतं. म्हणणाऱ्यासाठी 'कॉल्ड आउट' किंवा 'लेड द चँट'. उत्तर देणाऱ्यांसाठी 'शाउटेड बॅक', 'चँटेड बॅक', किंवा जरा शांत हवं असेल तर 'आन्सर्ड'. 'वन मॅन कॉल्ड आउट, गणपती बाप्पा! द होल स्ट्रीट शाउटेड बॅक, मोरया!' असं लिहिलंत की लक्ष्मी रस्ता कधीही न पाहिलेल्या माणसालाही तो ऐकू येतो. 'बॅक' हा एवढासा शब्द, पण तोच दोन बाजू उभ्या करतो. इथे 'इन युनिसन' मात्र लिहू नका. 'इन युनिसन' म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी तेच म्हणणं. उत्तर देणाऱ्यांचं 'मोरया' आपसात 'इन युनिसन' असेल, पण म्हणणारा आणि उत्तर देणारे मिळून 'इन युनिसन' नसतात. सबटायटलमध्येही मी या दोन ओळी कधीच एकत्र करत नाही. वरच्या ओळीत हाक, खालच्या ओळीत उत्तर, दोघांपुढे संवादाची रेघ. एकत्र केल्या तर घोषणा जिवंत राहत नाही, नुसती माहिती उरते.

तुम्ही कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, गेला असाल तर हे दुसऱ्या बाजूनेही पाहिलं असेल. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडायच्या आधी एका कोपऱ्यातून कुणीतरी छातीच्या तळापासून 'अरे आव्वाज कुणाचाऽऽ' असं ओढतं, आणि त्या कॉलेजची सगळी पोरं आपलं नाव घेऊन छत दणाणून सोडतात. लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून दुसऱ्या कॉलेजचा 'आव्वाज'. १९६३ पासूनची ही स्पर्धा, आणि ही आरोळी आता तिच्याइतकीच पुण्याची झालीय. इथे पहिल्या पोराने 'जॉइन इन' केलेलं नाही, त्याने 'स्टार्टेड द चँट'. जरा रंगवून सांगायचं तर 'स्ट्रक अप अ चँट'. 'स्ट्राइक अप' हे बँडने वाजवायला सुरुवात करण्यासाठी वापरतात, म्हणून त्यात एक धडाका आहे.

आणि जेव्हा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जातो, एका मंडळाने सुरू केलेली घोषणा मागचं मंडळ उचलतं, मग गॅलरीतले लोक, मग पलीकडच्या गल्लीतले, तेव्हा 'टेक अप' हाताशी घ्या. 'द क्राउड टुक अप द चँट.' आपण मराठीत 'घोषणा उचलून धरली' म्हणतो ना, त्याच्या फार जवळ जातं हे. 'जॉइन इन'मध्ये एका माणसाची गोष्ट सांगता येते. 'टेक अप' म्हटलं की बहुधा समूह डोळ्यांपुढे येतो, पसरत जाणारी लाट. तुम्ही एकटे असाल तर 'आय टुक अप द चँट' जरा जड, पोथीतल्यासारखं वाटेल. गर्दीसाठी ठेवा ते. गहुंजेच्या मैदानात एका स्टँडमधून सुरू झालेलं 'इंडियाऽऽ, इंडिया!' फिरत फिरत समोरच्या स्टँडपर्यंत पोचतं, तेव्हा 'द चँट वॉज टेकन अप स्टँड बाय स्टँड' असं लिहिता येईल.

क्रिकेट आलंच आहे तर 'चिअर'चं सांगून टाकते. चौकार गेल्यावर जो गलका होतो तो 'चिअरिंग'. त्यात शब्द नसले तरी चालतात. 'सचिऽन, सचिन' हे 'चँटिंग'. त्यात शब्द आहेत आणि ठरलेला ताल आहे. फोटोखाली 'पीपल चिअरिंग' लिहिलं तर लोक खूश आहेत एवढं कळतं, ते 'मोरया' म्हणतायत हे कळत नाही.

आता 'कोरस'. बऱ्याच जणांना 'जॉइन्ड द कोरस' हे 'सुरात सूर मिसळला'चं नेमकं भाषांतर वाटतं. शब्द पाहिले तर आहेही. पण वर्तमानपत्री इंग्रजीत 'जॉइन द कोरस ऑफ' नंतर जवळजवळ नेहमी टीका, निषेध, मागणी असलंच काहीतरी येतं. आपल्या 'री ओढणे'चं जे झालं तसंच हे. मुळात कीर्तनकाराच्या मागे ध्रुपद धरणं, साथ करणं ही किती मानाची गोष्ट. तुकोबांच्या मागे उभे राहणारे चौदा टाळकरी आपण आजही आदराने आठवतो. पण आज 'त्याने साहेबांची री ओढली' म्हटलं तर कुणाला ते कौतुक वाटत नाही. शब्दाची जुनी शान राहिली कीर्तनात, आणि रोजच्या बोलण्यात तो लाचारीकडे झुकला. 'इको' या क्रियापदातही थोडा तोच वास आहे: दुसऱ्याचंच म्हणणं पुन्हा म्हणणं. भक्तीच्या किंवा आनंदाच्या प्रसंगी हे दोन्ही टाळा.

पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसाठी किंवा कीर्तनातल्या टाळकऱ्यांसाठी 'रिफ्रेन' हा शब्द आहे. शाहीर कडवं म्हणतो आणि झीलकरी 'जी जी रं जी जी' घेतात, तेव्हा ते 'टुक अप द रिफ्रेन'. श्रोत्यांनीही झील धरली तर 'द ऑडियन्स जॉइन्ड इन ऑन द रिफ्रेन'. हा शब्द नाम म्हणूनच वापरा. क्रियापद केलंत तर 'रिफ्रेन' म्हणजे एखादी गोष्ट न करणं, आणि वाक्य उलटंच होऊन बसेल.

वारीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुण्यात राहणाऱ्याला आज ना उद्या हेही लिहावं लागतंच. पालख्या शहरात मुक्कामाला आल्या की नाना पेठ, भवानी पेठ भरून जाते. दिंडीतलं 'ज्ञानोबा माउली तुकाराम' याला 'चँटिंग' म्हणता येतं, पण 'चँटिंग द नेम्स ऑफ' असं म्हणावं, कारण ते संतांचं नाव घेणं आहे. नामस्मरणाची कल्पना त्या 'नेम्स'मध्येच शिल्लक राहते. आणि जो अभंग आहे तो 'साँग', 'सिंगिंग'. त्याला 'चँट' म्हणून त्याची चाल काढून घेऊ नये. मुक्कामी दिंडीत शिरून तुम्ही दोन पावलं चाललात, नाव घेतलंत, तर 'आय वॉक्ड विथ देम फॉर अ व्हाइल अँड जॉइन्ड इन' पुरेसं आहे. इथे 'शाउटेड' मला कधीच लिहावंसं वाटत नाही. वारकरी मोठ्याने म्हणतात, पण ओरडत नाहीत.

प्रत्यक्ष घोषणेचं भाषांतर करावं का, हा प्रश्न मागून येतोच. माझं मत ठाम आहे: घोषणा तशीच ठेवा, आणि गरज असेल तर अर्थ वेगळ्या वाक्यात सांगा. 'हेल लॉर्ड गणेशा' वाचलं की जुन्या रोमन नाटकातल्या सम्राटाला सलाम केल्यासारखं वाटतं. 'मोरया' हे नाव चिंचवडच्या मोरया गोसावींवरून आलं असं मानलं जातं, म्हणजे देवाच्या हाकेत त्याच्या भक्ताचं नाव मिसळलंय. हे 'हेल'मध्ये कुठे बसवणार? शिवाय 'मोरया' आणि 'लवकर या' यांचं यमक हातातून जातं ते वेगळंच. तेव्हा पहिल्यांदा घोषणा येईल तिथे अर्थ द्या: हा गणपतीचा जयजयकार आहे आणि पुढच्या ओळीत त्याला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतात. त्यानंतर ती जितक्या वेळा येईल तितक्या वेळा नुसतं 'मोरया!' वाचणारा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्वतःच मनात उत्तर द्यायला लागतो. 'लवकर'साठी 'सून' आणि 'अर्ली' दोन्ही वापरलेले दिसतात. मी 'कम बॅक सून नेक्स्ट इयर' घेते, कारण 'अर्ली'त घड्याळ दिसतं आणि आपल्या म्हणण्यात ओढ आहे.

या सगळ्यातून तुमची ईमेल अशी होईल. मराठीतच मांडते, इंग्रजी शब्द तुम्ही बसवा: 'हे फोटो विसर्जन मिरवणुकीचे आहेत, म्हणजे दहा दिवसांनी गणपतीला निरोप देतात ती. दर थोड्या वेळाने कुणीतरी "गणपती बाप्पा" अशी हाक देतो आणि सगळा रस्ता "मोरया" असं उत्तर देतो. थोड्या वेळाने मीही नकळत त्यात सामील झालो. घरी आलो तेव्हा आवाज पार बसला होता.' हाक देणाऱ्यासाठी 'कॉल्स आउट', रस्त्यासाठी 'शाउट्स बॅक', तुमच्यासाठी 'फाउंड मायसेल्फ जॉइनिंग इन', आणि बसलेल्या आवाजासाठी 'आय हॅड कम्प्लीटली लॉस्ट माय व्हॉइस'. रस्ता आणि हाक वर्तमानकाळात, कारण हे दरवर्षी असंच होतं. तुमचं सामील होणं भूतकाळात, कारण ते त्या दिवसाचं आहे. काळाचा हा फरक आपण मराठीत न सांगता पाळतो, इंग्रजी लिहिताना मात्र घाईत सगळंच भूतकाळात ढकलतो आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, की ही पद्धत त्या एका संध्याकाळपुरतीच होती.

फोनवर सांगायची वेळ आली तर उच्चारातल्या दोन गोष्टी. 'जॉइन इन' म्हणताना जोर 'इन'वर येतो. 'जॉइन'वर जोर देऊन 'इन' गिळलं तर ऐकणाऱ्याला नुसतं 'जॉइन'च ऐकू येतं आणि तो पुढचं कर्म यायची वाट बघत राहतो. आणि 'चँट'चा उच्चार दक्षिण इंग्लंडमधले लोक 'चाँट' असा, 'आ' लांबवून करतात. उत्तरेकडचे आणि अमेरिकेतले 'चँट'. दोन्ही सगळीकडे समजतं, तेव्हा जो जिभेवर आहे तोच ठेवा.